विश्लेषण : सूज गुडघ्यात, मूळ लघवीच्या मार्गात, लैंगिक संसर्गानंतरचा ‘रिॲक्टिव्ह आर्थ्रायटिस’ कसा ओळखतात?

विशी-तिशीतील तरुणाचा एक गुडघा अचानक सुजतो. मार लागलेला नसतो. एक्स-रेमध्ये काही दिसत नाही, युरिक ॲसिड ठीक असते, ‘आरए फॅक्टर’ निगेटिव्ह येतो. वेदनाशामक गोळ्यांनी चार दिवस बरे वाटते आणि दुखणे पुन्हा सुरू होते. अशा दुखण्यामागे काही वेळा तीन-चार आठवड्यांपूर्वी झालेला लैंगिक संसर्ग असतो. या आजाराला ‘रिॲक्टिव्ह आर्थ्रायटिस’ म्हणतात. तो फारसा आढळत नाही, पण त्यावर उपचार आहेत. अडचण निदानाची आहे. कोणत्याही एका तपासणीत हा आजार पकडता येत नाही. रुग्णाने सांगितलेली माहिती हाच निदानाचा मुख्य धागा असतो आणि नेमकी तीच माहिती सांगायला रुग्ण व विचारायला अनेकदा डॉक्टरही कचरतात.

हा आजार नेमका काय आहे?

शरीराच्या एका भागात जिवाणूंचा संसर्ग होतो आणि त्यानंतर साधारण एक ते चार, काही वेळा सहा आठवड्यांनी दूरच्या सांध्यांना सूज येते. सुजलेल्या सांध्यातले पाणी काढून प्रयोगशाळेत ठेवले तर त्यात जिवाणू वाढत नाहीत. म्हणजे सांध्यात पू झालेला नसतो. इतरत्र झालेल्या संसर्गाला रोगप्रतिकारशक्तीने दिलेल्या प्रतिक्रियेतून ही सूज येते. म्हणून त्याला ‘रिॲक्टिव्ह’ म्हणायचे.

हा संसर्ग प्रामुख्याने दोन ठिकाणी होतो. पहिले ठिकाण आतड्यांचे. साल्मोनेला, शिगेला, कॅम्पायलोबॅक्टर, येर्सिनिया या जिवाणूंमुळे जुलाब, आव किंवा अन्नातून विषबाधा झाल्यावर सांधे सुजू शकतात. दुसरे ठिकाण मूत्रमार्ग आणि जननमार्गाचे. तिथला सर्वांत महत्त्वाचा जिवाणू म्हणजे ‘क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस’. तो लैंगिक संबंधातून पसरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात जगभरात १५ ते ४९ वयोगटातील सुमारे १२ कोटी ९० लाख लोकांना क्लॅमिडियाचा नवा संसर्ग झाला. त्यांतील बहुतेकांना सांध्यांचा कोणताही त्रास होत नाही. थोड्या जणांनाच होतो, पण मूळ संसर्गाचे प्रमाण मोठे असल्याने ही संख्या दुर्लक्ष करण्याजोगी राहत नाही.

हा आजार म्हणजे आमवात नव्हे. तो ‘स्पॉन्डिलोआर्थ्रायटिस’ या कुटुंबातला आहे. मणक्याचा ‘अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस’ आणि सोरायसिससोबत येणारा संधिवात हे त्याच कुटुंबातले आजार. शिवाय सांध्यांची सूज एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. लागतो तो मूळ संसर्ग.

संसर्ग एकीकडे आणि सूज दुसरीकडे, असे का होते?

क्लॅमिडिया हा पेशींच्या आत राहणारा जिवाणू आहे. रक्तातील काही पांढऱ्या पेशींमधून तो किंवा त्याचे अंश सांध्याच्या आतल्या अस्तरापर्यंत पोहोचतात. तेथे तो सुप्तावस्थेत तग धरून राहू शकतो. नेहमीच्या कल्चर तपासणीत तो वाढत नाही. मात्र काही रुग्णांच्या सांध्याच्या अस्तरात त्याची जनुकीय सामग्री संशोधकांना सापडली आहे. त्याच्या अस्तित्वामुळे रोगप्रतिकारशक्ती चवताळते आणि सांध्याला सूज येते, असे मानले जाते.

मग संसर्ग झालेल्या प्रत्येकाला हा त्रास का होत नाही? त्याचे एक उत्तर जनुकांत आहे. ‘एचएलए-बी२७’ नावाचा जनुकीय घटक ज्यांच्यात असतो, त्यांना या आजाराचा धोका जास्त असतो आणि त्यांच्यात तो लांबण्याची शक्यताही जास्त असते. हा संबंध १९७३ मध्ये समोर आला. अमेरिकी नौदलाच्या एका जहाजावर १९६२ मध्ये शिगेलाची साथ पसरली होती. सहाशेहून अधिक खलाशी एकाच वेळी आजारी पडले, पण नंतर हा आजार जडला तो केवळ नऊ-दहा जणांना. जिवाणू तोच, जहाज तेच, तरी परिणाम वेगळा. संसर्गाबरोबर व्यक्तीची जनुकीय जडणघडणही महत्त्वाची असते, हे अशा उदाहरणांतून दिसते.

लक्षणे कोणती?

हा आजार साधारण २० ते ४० या वयात जास्त दिसतो. क्लॅमिडियानंतर येणाऱ्या प्रकारात पुरुष रुग्णांची संख्या अधिक असते. जुलाबानंतर येणारा प्रकार स्त्री-पुरुषांत जवळपास सारखाच आढळतो.

सांध्यांचे दुखणे बहुधा कमरेखाली असते. गुडघा, घोटा, पावलाचे सांधे सुजतात. दोन्ही बाजूंना सारखी सूज नसते. उजवा गुडघा आणि डावा घोटा असे काहीही जमते. एकूण एक ते चार सांधे सुजलेले असतात. सकाळी उठल्यावर सांधे आखडलेले असतात आणि हालचाल सुरू झाली की थोडे मोकळे होतात.

टाच दुखणे हे आणखी एक ठळक लक्षण. स्नायूबंध हाडाला जिथे चिकटतो, नेमकी तिथे सूज येते. सकाळी पहिले पाऊल जमिनीवर टेकवताना कळ येते. पायाचे एखादे बोट पूर्ण सुजून जाड आणि लालसर होते. काहींना कमरेच्या खालच्या भागात दुखते. हे दुखणे आराम केल्यावर वाढते आणि चालल्यावर कमी होते.

सांध्यांबाहेरची लक्षणेही असतात. डोळे लाल होणे, लघवीला जळजळ, लिंगातून स्राव, महिलांमध्ये अंगावरून पांढरे जाणे, तोंडात न दुखणारे फोड, लिंगाच्या टोकावर चट्टे, तळपायावर जाड खपल्या येणे, अशी ती यादी आहे. सांधे, डोळे आणि मूत्रमार्ग या तिन्हींचा त्रास एकत्र असणे ही या आजाराची पुस्तकी खूण मानली जाते. प्रत्यक्षात ती थोड्याच रुग्णांत पूर्ण दिसते. तिघांपैकी एक किंवा दोनच लक्षणे असली म्हणून आजार नाही, असे म्हणता येत नाही.

निदान चुकते कुठे?

पहिले कारण वेळेचे अंतर. लघवीची जळजळ चार दिवसांत थांबलेली असते. गुडघा सुजतो तो तीन आठवड्यांनी. या दोन गोष्टींचा संबंध असेल, असे रुग्णाच्या मनातही येत नाही.

दुसरे कारण म्हणजे क्लॅमिडिया बऱ्याचदा गुपचूप येतो. बहुतेक महिलांना आणि जवळपास निम्म्या पुरुषांना त्याची कोणतीही लक्षणे जाणवत नाहीत. त्यामुळे ‘मला असे काही झालेच नव्हते’ हे रुग्णाचे उत्तर प्रामाणिक असू शकते आणि तरीही संसर्ग असू शकतो.

तिसरे कारण मेडिकलमधून परस्पर घेतलेली औषधे. जळजळ होऊ लागली की दुकानदाराला सांगून दोन-तीन दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या घेतल्या जातात. औषध चुकीचे किंवा अपुरे असले तरी त्रास थोडा कमी होतो आणि विषय तिथेच संपतो.

चौथे कारण आपल्याकडच्या साथींचे. महाराष्ट्रात पावसाळ्यात आणि त्यानंतर ताप येऊन सांधे धरले की आधी चिकुनगुनियाचा विचार होतो, आणि ते योग्यच आहे. पण चिकुनगुनियात बहुधा जोराचा ताप असतो आणि मनगट, बोटे, घोटे असे अनेक सांधे दोन्ही बाजूंनी दुखतात. ताप नसताना एकच गुडघा आणि टाच दुखत असेल तर वेगळ्या दिशेने विचार करावा लागतो.

पाचवे कारण म्हणजे एकाच आजाराची लक्षणे वेगवेगळ्या डॉक्टरांकडे जातात. गुडघ्यासाठी हाडांचे डॉक्टर, लाल डोळ्यासाठी डोळ्यांचे, चट्ट्यांसाठी त्वचारोगतज्ज्ञ आणि जळजळीसाठी कुणीच नाही. प्रत्येकाला चित्राचा एकच तुकडा दिसतो. हे तुकडे एकत्र ठेवू शकणारी व्यक्ती रुग्ण स्वतःच असते.

डॉक्टरांनी काय विचारायला हवे आणि रुग्णाने काय सांगायला हवे?

सांधा सुजण्याआधीच्या दोन महिन्यांचा हिशेब इथे महत्त्वाचा ठरतो. त्या काळात जुलाब किंवा आव झाली होती का? लघवीला जळजळ, स्राव, ओटीपोटात दुखणे असे काही होते का? डोळे आले होते का? नवीन जोडीदाराशी किंवा एकापेक्षा अधिक व्यक्तींशी लैंगिक संबंध आला होता का? कंडोम वापरला होता का? जोडीदाराला काही त्रास आहे का? कोणती औषधे घेतली? घरात कुणाला सोरायसिस किंवा मणक्याचा संधिवात आहे का?

हे प्रश्न अविवाहित, विवाहित, स्त्री, पुरुष अशा सर्वांना विचारायचे असतात. ते चारित्र्याची चौकशी म्हणून विचारले जात नाहीत. औषध कोणते द्यायचे हे त्यांच्या उत्तरांवर ठरते. पत्नी, आई किंवा वडील सोबत बसलेले असतील तर खरी उत्तरे मिळणे कठीण. अशा वेळी ‘मला डॉक्टरांशी दोन मिनिटे एकट्याने बोलायचे आहे’ असे रुग्ण सांगू शकतो. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे हे डॉक्टरांचे व्यावसायिक कर्तव्य आहे.

निदानातून घरात गैरसमज होण्याची भीतीही अनेकांना असते. त्यासाठी दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. एक, ‘रिॲक्टिव्ह आर्थ्रायटिस’ हे निदान म्हणजे लैंगिक संसर्गाचा पुरावा नव्हे, कारण तो साध्या जुलाबानंतरही होतो. दोन, क्लॅमिडियाचा संसर्ग महिनोन्‌महिने लक्षणांशिवाय राहू शकतो. त्यामुळे तो कधी झाला आणि कुणाकडून कुणाला गेला, हे तपासणीच्या अहवालावरून सांगता येत नाही.

तपासण्या कोणत्या कराव्या लागतात?

तपासण्यांचे तीन हेतू असतात. मूळ संसर्ग शोधणे, सांध्याला सूज किती आहे हे पाहणे आणि तशीच लक्षणे असलेले दुसरे आजार नाहीत याची खात्री करणे.

क्लॅमिडियासाठी ‘नॅट’ ही जिवाणूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी सर्वांत भरवशाची मानली जाते. पुरुषांमध्ये त्यासाठी लघवीचा नमुना पुरतो. इथे एक बारकावा आहे. नेहमीच्या लघवी तपासणीसाठी मधली धार घ्यायला सांगतात. या तपासणीसाठी मात्र सुरुवातीची धार लागते, कारण मूत्रमार्गातले जिवाणू तिच्याबरोबर बाहेर येतात. नमुना देण्यापूर्वी किमान एक तास लघवी केलेली नसावी. महिलांमध्ये योनीमार्गातील स्वॅब अधिक उपयुक्त ठरतो आणि तो स्वतःही घेता येतो. त्याच नमुन्यातून गोनोरियाची तपासणी होऊ शकते. लैंगिक संसर्गाची शंका असेल तर एचआयव्ही आणि सिफिलिसची रक्त तपासणीही केली जाते. एचआयव्ही तपासणीसाठी रुग्णाची संमती आणि निकालाची गुप्तता २०१७ च्या कायद्याने बंधनकारक आहे.

रक्तातील ‘ईएसआर’ आणि ‘सीआरपी’ वाढलेले असतात, पण ते केवळ शरीरात दाह आहे एवढेच सांगतात. ‘आरए फॅक्टर’ आणि ‘अँटी-सीसीपी’ या आमवाताच्या तपासण्या बहुधा निगेटिव्ह येतात. सुरुवातीच्या काळात एक्स-रे सामान्य असू शकतो.

‘एचएलए-बी२७’ ही तपासणी बऱ्याचदा निदानाचा शिक्का समजली जाते. ती तशी नाही. अनेक निरोगी लोकांत हा घटक असतो आणि या आजाराच्या बऱ्याच रुग्णांत तो नसतो. तो असेल तर शंकेला बळ मिळते, आजार लांबण्याचा अंदाज बांधता येतो, एवढाच त्याचा उपयोग.

सांध्यातले पाणी काढणे इतके महत्त्वाचे का?

‘गुडघ्यातले पाणी काढले तर ते पुन्हा पुन्हा भरते’ असा समज आपल्याकडे घट्ट आहे. त्यामुळे अनेक जण या तपासणीला नकार देतात. प्रत्यक्षात पाणी काढल्याने सूज वाढत नाही; मूळ कारण कायम असेल तर ती परत येते.

सुजलेल्या सांध्यातले पाणी तपासल्याशिवाय तीन गोष्टींतला फरक खात्रीने कळत नाही. पाण्यात जिवाणू सापडले तर तो सांध्याचा थेट संसर्ग. युरिक ॲसिडचे स्फटिक दिसले तर गाउट. पांढऱ्या पेशी वाढलेल्या, पण जिवाणू आणि स्फटिक दोन्ही नाहीत, तर रिॲक्टिव्ह आर्थ्रायटिससारख्या आजाराची शक्यता वाढते. आपल्याकडे एकच सांधा बराच काळ सुजलेला असेल तर क्षयरोगाचाही विचार करावा लागतो.

थेट संसर्ग ही यांतली सर्वांत तातडीची स्थिती. लैंगिक संसर्गांपैकी गोनोरियाचा जिवाणू रक्तावाटे सांध्यात शिरून थेट संसर्ग करू शकतो. त्यात ताप, अंगावर मोजके पुरळ, मनगट किंवा घोट्याच्या स्नायूबंधांना सूज अशी लक्षणे दिसू शकतात. त्यावर शिरेतून किंवा स्नायूतून अँटिबायोटिकची इंजेक्शने द्यावी लागतात. जिवाणूंनी सांधा पिकला तर काही दिवसांतच त्याची कूर्चा खराब होऊ शकते. म्हणून एक सांधा लाल, गरम, खूप दुखणारा असेल आणि थंडी-ताप असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायला हवे.

उपचार कसे होतात?

उपचार दोन आघाड्यांवर होतात आणि दोन्ही लागतात. पहिली आघाडी संसर्गाची. क्लॅमिडियासाठी सध्या पहिली पसंती डॉक्सिसायक्लिनला आहे. १०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, सात दिवस. गर्भवतींना डॉक्सिसायक्लिन टाळून ॲझिथ्रोमायसिन दिले जाते. गोनोरियाची शक्यता असेल तर त्याचे औषधही सोबत द्यावे लागते. दोन दिवसांत जळजळ थांबली तरी सात दिवसांचा कोर्स पूर्ण करायचा असतो.

मात्र हा कोर्स संपला की गुडघा आपोआप बरा होईल, अशी अपेक्षा ठेवू नये. अँटिबायोटिकमुळे मूळ संसर्ग जातो, त्याचा प्रसार थांबतो आणि पुढची गुंतागुंत टळते. सुरू झालेली सूज त्याने लगेच ओसरत नाही.

म्हणून दुसरी आघाडी सांध्यांची. सुरुवात नॅप्रोक्सेन, इंडोमेथासिन यांसारख्या दाहशामक गोळ्यांनी होते. त्या दुखेल तेव्हा एक अशा नव्हे, तर ठरलेल्या मात्रेत किमान दोन आठवडे नियमित घ्याव्या लागतात. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास किंवा उच्च रक्तदाब असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे. पावसाळ्यात ताप असेल आणि डेंग्यूची शंका असेल तर या गोळ्या परस्पर घेऊ नयेत, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

एक-दोनच सांधे सुजलेले असतील तर सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन देता येते, पण सांध्यात थेट संसर्ग नाही याची खात्री झाल्यावरच. बरेच सांधे सुजलेले असतील तर काही काळ पोटातून स्टेरॉइड दिले जाते. सूज असताना सांध्याला विश्रांती, बर्फाचा शेक आणि ती उतरू लागल्यावर फिजिओथेरपी, असा क्रम असतो. गुडघा वाकवायचाच नाही असे ठरवले तर मांडीचे स्नायू झपाट्याने बारीक होतात.

काही महिन्यांनंतरही सूज हटली नाही तर सल्फासॅलाझिनसारखी औषधे सुरू केली जातात. अमेरिकेत १३४ रुग्णांवर झालेल्या आणि १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हे औषध घेणाऱ्या सुमारे ६२ टक्के रुग्णांना गुण आला; नुसती बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण सुमारे ४८ टक्के होते. म्हणजे फायदा आहे, पण चमत्कार नाही. या औषधाने पुरुषांमधील शुक्राणूंची संख्या तात्पुरती घटू शकते आणि औषध बंद केल्यावर ती पूर्ववत होते. मूल होण्यासाठी प्रयत्न करणाऱ्यांनी हे डॉक्टरांना सांगायला हवे. मेथोट्रेक्सेट हे दुसरे औषध गरोदरपणात चालत नाही. यांनीही उपयोग न झाल्यास मोजक्या रुग्णांना ‘बायोलॉजिक’ इंजेक्शने दिली जातात. त्याआधी छुप्या क्षयरोगाची तपासणी आवश्यक असते.

महिनोन्‌महिने अँटिबायोटिक घेतल्याने फायदा होतो का?

क्लॅमिडिया सांध्यात तग धरून राहतो, तर औषध जास्त काळ का देऊ नये, हा प्रश्न संशोधकांनाही पडला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत क्लॅमिडियामुळे दीर्घकाळ सांधे सुजलेल्या ४२ रुग्णांचा समावेश होता. त्यांतील काहींना सहा महिने दोन अँटिबायोटिक एकत्र देण्यात आली. त्या गटात ६३ टक्के रुग्णांना आराम पडला, तर औषध न दिलेल्या गटात २० टक्क्यांना.

आकडे आशादायक असले तरी रुग्णसंख्या फारच कमी होती. अँटिबायोटिकच्या इतर चाचण्यांचे निष्कर्षही एकसारखे नाहीत. त्यामुळे ही पद्धत सरसकट वापरली जात नाही. भारतात आणखी एक पेच आहे. त्या चाचणीतील दोन्ही जोड्यांमध्ये असलेले रिफॅम्पिसिन हे क्षयरोगाचे प्रमुख औषध आहे. लपलेला क्षयरोग असलेल्या व्यक्तीला ते अर्धवट उपचारासारखे दिले गेले तर औषधाला न जुमानणारा क्षयरोग तयार होण्याचा धोका असतो. त्यामुळे असा प्रयोग तज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय करू नये.

जोडीदारावर उपचार का?

एकावर उपचार झाले आणि जोडीदाराचा संसर्ग तसाच राहिला, तर तो पुन्हा परत येतो. आणि प्रत्येक नव्या संसर्गाबरोबर सांध्यांचा झटका पुन्हा येऊ शकतो. म्हणून त्रास सुरू होण्यापूर्वीच्या ६० दिवसांतील जोडीदारांनी, काही लक्षणे नसली तरी, तपासणी आणि उपचार घ्यावेत असे सांगितले जाते. दोघांचा सात दिवसांचा कोर्स पूर्ण होईपर्यंत शरीरसंबंध टाळायचे असतात. साधारण तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करायची, कारण पुन्हा संसर्ग होण्याचे प्रमाण बरेच असते.

महिलांसाठी हा मुद्दा सांध्यांपुरता नाही. उपचार न झालेला क्लॅमिडिया गर्भाशयातून गर्भनलिकांपर्यंत पोहोचला तर वंध्यत्व, गर्भनलिकेत गर्भ राहणे आणि ओटीपोटाचे जुनाट दुखणे उद्भवू शकते. पतीच्या सुजलेल्या गुडघ्यावरून पत्नीचा लपलेला संसर्ग वेळेत सापडला, तर हे नुकसान टळू शकते.

सरकारी यंत्रणेत कुठे जायचे?

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या (नॅको) कार्यक्रमांतर्गत वैद्यकीय महाविद्यालये आणि जिल्हा रुग्णालयांमध्ये लैंगिक आजारांसाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ चालवली जातात. तेथे तपासणी, समुपदेशन आणि औषधे मोफत मिळतात. १०९७ या ‘नॅको’च्या मोफत हेल्पलाइनवरही माहिती मिळते. मोठ्या रुग्णालयांत ‘त्वचा व गुप्तरोग’ विभागातही दाखवता येते. सांध्यांसाठी संधिवाततज्ज्ञ, आणि ते जवळपास नसतील तर एमडी मेडिसिन डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

या यंत्रणेची एक मर्यादा मात्र आहे. तिची उपचारपद्धती प्रामुख्याने लक्षणांवर आधारलेली आहे. स्राव, जखम, ओटीपोटातील दुखणे अशी तक्रार असेल तर त्या लक्षणासाठी ठरलेले रंगीत औषधसंच रुग्णाला दिले जातात. जिथे प्रयोगशाळा नाही तिथे ही पद्धत उपयोगी पडते. पण ज्याला लक्षणेच नाहीत, तो या जाळ्यातून निसटतो. गुडघा घेऊन हाडांच्या ओपीडीत बसलेला रुग्ण स्वतःहून सुरक्षा क्लिनिकपर्यंत पोहोचत नाही. त्याला तिथे पाठवावे लागते.

आजाराचे नाव का बदलले?

जुन्या पुस्तकांत आणि काही केसपेपरवर आजही ‘रायटर्स सिंड्रोम’ असे लिहिलेले दिसते. पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, जर्मन डॉक्टर हान्स रायटर यांनी जुलाबानंतर सांधे, डोळे आणि मूत्रमार्गाचा त्रास झालेल्या एका लष्करी अधिकाऱ्याची नोंद केली. पुढे १९४२ मध्ये अमेरिकेतील डॉ. बाउर आणि डॉ. एंगलमन यांनी या आजाराला रायटर यांचे नाव जोडले. रायटर हे नाझी राजवटीतील वरिष्ठ आरोग्य अधिकारी होते आणि बुखेनवाल्ड छळछावणीतील कैद्यांवर झालेल्या लशीच्या प्रयोगांशी त्यांचा संबंध होता, हे नंतर पुढे आले. २००७ मध्ये काही डॉक्टरांनी हे नाव मागे घेत असल्याचे जाहीरपणे लिहिले. त्यांत १९४२ मध्ये ते सुचवणारे डॉ. एंगलमन स्वतःही होते. ‘रिॲक्टिव्ह आर्थ्रायटिस’ ही संज्ञा फिनलंडमधील संशोधकांनी १९६९ मध्ये रूढ केली होती. आता तीच वापरली जाते. त्यामुळे दोन कागदांवर दोन नावे दिसली तरी आजार एकच आहे.

पूर्ण बरे होता येते का?

बहुतेक रुग्णांचा त्रास तीन ते सहा महिन्यांत ओसरतो, काहींना वर्ष लागते. साधारण पाचांपैकी एकाला तो दीर्घकाळ राहतो किंवा अधूनमधून उफाळतो. ‘एचएलए-बी२७’ असलेल्यांमध्ये कंबर आणि मणक्याचे दुखणे मागे राहण्याची शक्यता जास्त असते. डोळ्यांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. डोळा नुसता लाल असेल तर तो बहुधा आपोआप बरा होतो. पण डोळ्यात वेदना, उजेड सहन न होणे, धूसर दिसणे असे असेल तर डोळ्याच्या आतल्या भागाला सूज आलेली असू शकते आणि वेळेत उपचार न झाल्यास दृष्टीवर परिणाम होतो.

कंडोमचा नियमित वापर, नव्या जोडीदारासोबत वेळीच तपासणी आणि लघवीची जळजळ अंगावर न काढणे, हे प्रतिबंधाचे मार्ग आहेत. सांधा सुजल्यावर डॉक्टरांकडे जाताना गेल्या दोन महिन्यांतील जुलाब, जळजळ, लाल डोळा, शरीरसंबंध आणि घेतलेल्या गोळ्या, यांची तारखांसह नोंद मोबाइलमध्ये करून ठेवावी. बोलायला संकोच वाटत असेल तर ती नोंद डॉक्टरांना वाचायला द्यावी. निदानासाठी लागणारी निम्मी माहिती त्यातच असते.